उत्क्रांती मानली तर देव सोडावा लागतो का?

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि सातारा-सांगलीतल्या राज्य मंडळाच्या शाळांत दहावीची मुलं विज्ञानाचा दुसरा भाग उघडतात. पहिलाच धडा असतो ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्याच गावात सीबीएसईची शाळा असेल, तर तिथल्या दहावीच्या पुस्तकात मात्र आनुवंशिकता आहे, उत्क्रांती नाही. कोरोनाच्या काळात अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून ही पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने तो भाग वगळला आणि साथ संपल्यावरही तो परत आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये देशभरातल्या १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरोधात जाहीर पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण कॉमर्सला गेलेल्या मुलाची त्याच्याशी कधी गाठच पडत नाही.

त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादच्या एका संमेलनात म्हणाले होते की उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनचं म्हणणं चुकीचं आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिलं. तरी तो प्रश्न घराघरांत आहेच, आणि तो विचारणारी माणसं अडाणी नसतात. मी विज्ञान शिकवते. हा धडा सुरू झाला की वर्गात कुणीतरी हळूच विचारतं, “बाई, मग देवानं माणूस केला नाही का?” त्या मुलाच्या घरी रोज हरिपाठ होतो. त्याला उडवून लावणं मला पटत नाही आणि धडा घाईत उरकणंही पटत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात खरसुंडीच्या बाजारातून

आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची पौषी यात्रा भरते तेव्हा खिलार जनावरांचा मोठा बाजार लागतो. तिथे खोंड बघायला आलेला शेतकरी काय करतो ते जवळून पाहा. आधी जबडा उघडून दात बघतो, कारण दातांवरून वय कळतं. आदत आहे, दुसा आहे की चौसा झालाय? मग शिंगांवरून हात फिरवतो, दोन्ही सारखी वळलीत का ते बघतो. खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा, कातडीची चमक बघून झाली की चार पावलं चालवून पाय कसा पडतो ते न्याहाळतो. खोंड वळू म्हणून ठेवायचा असेल तर त्याच्या आई-बापाचीही चौकशी होते. शेवटी पुष्कळ खोंडांतून एखादाच पैदाशीला राहतो, बाकीचे खच्ची होऊन औताला जातात.

माणदेशात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. म्हणून कमी चाऱ्यावर टिकणारं, उन्हाला न डगमगणारं, चालायला चपळ असं खिलार तयार झालं. एका माणसाने एका दिवसात ते घडवलेलं नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीचं ते फुगीर बाकदार नाकही असंच निवडीतून आलं.

यात तीनच गोष्टी आहेत. एका गायीची सगळी वासरं सारखी नसतात. त्यांच्यातले बरेचसे फरक पुढच्या पिढीत उतरतात. आणि सगळ्यांनाच पुढची पिढी जन्माला घालायला मिळत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की कळपाचं रूप पिढीगणिक सरकत जातं. सजीवांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत जाणाऱ्या या बदलाला उत्क्रांती म्हणतात. चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा पहिल्याच प्रकरणात पाळीव जनावरांची आणि कबुतरांची गोष्ट सांगितली होती. त्याने स्वतः कबुतरं पाळली होती आणि कबुतरवाल्यांमध्ये बसून त्यांची निवड कशी चालते ते समजून घेतलं होतं.

निवडणारा माणूस नसेल तर?

डार्विनचं खरं म्हणणं इथून पुढे सुरू होतं. कळपातून निवड करायला माणूसच लागतो असं नाही. थंडी, दुष्काळ, रोग, शिकारी जनावर, अन्नाची टंचाई यांनीही तेच होतं. त्या परिस्थितीत ज्यांचा निभाव लागतो त्यांची पिल्लं जास्त राहतात, आणि त्यांचे गुण पुढे पसरतात. याला नैसर्गिक निवड म्हणतात. आल्फ्रेड वॉलेस नावाच्या दुसऱ्या निसर्ग अभ्यासकाला हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती आणि १८५८ मध्ये त्याने ती डार्विनला पत्राने कळवली होती.

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. फळछाटणीनंतरही पाऊस पडत राहिला की डावणी हा रोग येतो. एखादं औषध पहिल्या वर्षी उत्तम चालतं, मग तेच औषध वारंवार मारत गेलं की शेतकरी म्हणतो, “त्याचा रिझल्ट गेला.” औषध तेच असतं, बदललेली असते डावणी. बागेत रोगाचे कोट्यवधी बीजाणू असतात. त्यांपैकी एखाद्यात योगायोगाने असा फरक असतो की ते औषध त्याला लागू पडत नाही. फवारणीत बाकीचे मरतात आणि रान त्या एकाच्या वंशजांना मोकळं मिळतं. म्हणूनच जाणकार सांगतात की औषधं आलटून पालटून मारा.

क्षयरोगाचंही तसंच. टीबीच्या रुग्णाला पहिले दोन महिने एकाच वेळी चार औषधं देतात. एका औषधाला दाद न देणारा जंतू लाखो-कोटींत एखादा निघतोच, पण चारही औषधांतून सुटेल असा निघणं फारच दुर्मीळ. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडणारा माणूस आपल्याच छातीत निवड करत असतो, आणि मागे राहिलेले जंतू घरच्यांनाही देतो. उत्क्रांती म्हणजे फक्त लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट, असं समजण्याची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणजे बळी तो कान पिळी का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे, कारण त्याच्या आधाराने दुबळ्यांना चिरडणं हाच निसर्गाचा नियम आहे असं सांगितलं गेलं. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कासच्या पठारावर जाऊन बघा. तिथे टिकलंय कोण? जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, मातीचा जेमतेम थर, तोही पावसात भिजून चिंब आणि उन्हाळ्यात करपलेला. मोठ्या झाडाला तिथे पाय रोवता येत नाही. राज्य करतात ती बोटभर उंचीची झाडं, जी पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि मोकळी होतात. तिथली माती निकस, म्हणून काही झाडांनी पोषणासाठी वेगळीच वाट धरली आहे. सप्टेंबरमध्ये पठार जांभळं करून टाकणाऱ्या सीतेच्या आसवांच्या रोपट्याला जमिनीखाली, मुळांसारख्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात. ओल्या मातीतला बारीक जीव पिशवीच्या तोंडाशी आला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते आणि पचवते. त्याच सड्यावरच्या डबक्यांत वायतुरा फुलतो, आणि तो सह्याद्रीच्या या पट्ट्याबाहेर जगात कुठेही आपणहून उगवत नाही.

म्हणजे टिकतो तो बलवान असतो असं नाही, त्या जागेला जुळणारा असतो. कुठे तो चिमुकला असेल, कुठे कळपाने राहणारा, कुठे पिल्लांना जिवापाड जपणारा. आणि निसर्गात असं घडतं म्हणून माणसाने असंच वागावं, हे तर उत्क्रांती कुठेच सांगत नाही.

“माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?”

कुणीच नाही, कारण तसं झालंच नाही. आजच्या कुठल्याही माकडापासून माणूस झालेला नाही.

आपल्या भाषेचं उदाहरण घेते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. आज ती वाचताना अर्थ देणारी टीप लागते. पण या सातशेहून अधिक वर्षांत एकही दिवस असा उजाडला नाही की आई जुनी मराठी बोलत होती आणि लेकराला ती समजली नाही. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीची भाषा कळत होती, तरी दोन टोकं एवढी लांब गेली. आता दुसरी बाजू बघा. मराठी गुजरातीतून निघालेली नाही आणि गुजराती मराठीतून निघालेली नाही. दोघींचं मूळ मागे एक होतं, तिथून वाटा फुटल्या. “माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी?” असं विचारणं म्हणजे मराठी झाली तर गुजराती अजून कशी, असं विचारण्यासारखं आहे.

माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते. ते आजच्या चिंपांझीसारखेही नव्हते आणि माणसासारखेही नव्हते. एवढा काळ मनात मावत नाही हे खरं, पण आपण त्याहून जुन्या गोष्टीवर रोज पाय ठेवतो. अजिंक्यतारा ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं.

पुरावा कुठे आहे?

भरपूर आहे. मी दोनच सांगते, एक शरीरातला आणि एक दगडातला.

शेळी, गाय, कुत्रा यांना आवळा-लिंबू खावं लागत नाही. क जीवनसत्त्व त्यांच्या यकृतात तयार होतं. माणसाला ते बाहेरून घ्यावं लागतं, नाहीतर हिरड्यांतून रक्त यायला लागतं. पण आपल्या पेशींत ते बनवणारं जनुक आहे! जनुक म्हणजे आई-बापाकडून आलेली, शरीराने काय बनवायचं याची रासायनिक सूचना. आपल्यातली ही सूचना मोडकी आहे, काही भाग गळून गेलाय. चिंपांझीतही ती मोडकी आहे, गोरिलातही, माकडांतही, आणि मोडतोडीच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्यात ती सूचना निराळ्या ठिकाणी मोडली आहे. वर्गात दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर संशय येत नाही. दोघांची चूक अक्षरशः सारखी आली की मात्र कुठलाही शिक्षक ओळखतो की ती एकाच ठिकाणाहून आली आहे.

दगडातला पुरावा आपल्याच देशातला. देवमासा हा मासा नाही, तो पिल्लांना दूध पाजतो, हवेत श्वास घेतो. म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे असले पाहिजेत, असा अंदाज पूर्वीपासून होता. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू भागात कालाकोटजवळून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. जीवाश्म म्हणजे खडकात टिकून राहिलेले जुन्या जीवांचे अवशेष. रंगा राव गेल्यानंतर ते दगड अमेरिकेतल्या हान्स थेविसन यांच्या चमूकडे आले. काम करताना एक कवटी फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्या हाडाची एक बाजू विलक्षण जाड होती, आणि तशी जाडी देवमाशांच्या कुळातच दिसते. तो प्राणी होता ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, बकरीपेक्षाही लहान, खूर असलेला. त्याला इंडोह्यस म्हणतात, आणि हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. कच्छमध्ये तर पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत.

पाहिलं नाही म्हणून मानायचं नाही, असं ठरवलं तर पणजोबाही मानता येणार नाहीत. मागे राहिलेल्या खुणांवरून निष्कर्ष काढणं ही विज्ञानाची रोजची रीत आहे.

मग देव कुठे राहिला?

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. जीवजाती कशा बनल्या, हा एक. हे सगळं मुळात आहे कशासाठी आणि मी कसं जगावं, हा दुसरा. उत्क्रांती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्याचं देत नाही. पाऊस कसा पडतो हे कळलं म्हणून पहिल्या पावसात हात जोडणारा शेतकरी खोटा ठरत नाही.

पण एवढं म्हणून मोकळं होणं मला प्रामाणिक वाटत नाही. काही श्रद्धा उत्क्रांतीशी खरोखरच आपटतात. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ साली झाला असं ठरवलं होतं. ज्याला हे अक्षरशः खरं मानायचं आहे त्याला उत्क्रांतीच काय, भूगर्भशास्त्रही सोडावं लागेल. अमेरिकेत टेनेसी राज्यात माणसाची उत्क्रांती शिकवायला कायद्याने बंदी होती. १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर त्यासाठी खटला चालला आणि १०० डॉलर दंड झाला. तो कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडलं.

दुसरीकडे आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगर मेंडेल हा मठात राहणारा ख्रिस्ती साधू होता. अमेरिकेत डार्विनची बाजू लावून धरणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. विसाव्या शतकात उत्क्रांतीचं शास्त्र नव्याने उभं करणाऱ्यांपैकी थिओडोशियस डॉब्झान्स्की श्रद्धाळू होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही असं मान्य केलं, मात्र माणसाचा आत्मा ईश्वराकडून येतो ही चर्चची शिकवण कायम ठेवली. मुस्लिम विद्वानांतही मतं वेगवेगळी आहेत. काही जण प्राणी-वनस्पतींची उत्क्रांती मानतात आणि आदमला त्यातून वेगळं ठेवतात. खुद्द डार्विन उतारवयात स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवत असे, तरी १८७९ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो याबद्दल शंका घेणं त्याला निरर्थक वाटतं.

उत्क्रांतीमुळे देव नाही हे सिद्ध झालं, असंही काही जीवशास्त्रज्ञ सांगतात. ते त्यांचं तत्त्वज्ञान आहे. कुठल्या जीवाश्मावर तसं कोरलेलं नाही.

“आपल्याकडे तर दशावतारात हे आधीच आहे”

हे मला पालकांकडून नेहमी ऐकायला मिळतं. आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नृसिंह, मग वामन. क्रम जुळतोसा वाटतो. जे. बी. एस. हाल्डेन या मोठ्या जीवशास्त्रज्ञाने, ज्याने पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, या साम्याकडे लक्ष वेधलं होतं.

साम्याचा आनंद घ्यायला हरकत नाही, पण त्याला पुरावा म्हणू नये. अवतारकथेत कूर्म मत्स्याचा वंशज नाही. धर्माला ग्लानी येते तेव्हा देव खाली येतो, हा तिचा गाभा आहे. उत्क्रांतीत कुणी खाली येत नाही, कुणाला ठरवून कुठे जायचंही नसतं. मासे काही माणूस व्हायचे राहून गेलेले नाहीत, ते मासे म्हणून पूर्ण आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींचंही तसंच. तो जीवाचा प्रवास आहे, देहांच्या वंशावळीचा नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणून टाळ्या वाजवल्या जातात. पण त्याच कालगणनेत कोट्यवधी वर्षांपूर्वीही माणसं आणि राजे आहेत, आणि तसे सांगाडे कुठे सापडत नाहीत. एक आकडा उचलायचा आणि बाकी सोडून द्यायचं, हा ग्रंथाचाही मान नव्हे.

आपल्या परंपरेत याहून मोलाचं काही आहे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली असं विचारतं आणि शेवटी म्हणतं की परम व्योमात बसून हे पाहणाऱ्यालाच ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. एवढा मोकळा प्रश्न ज्या परंपरेत उभा राहिला तिने जीवाश्मांना घाबरायचं कारण नाही.

शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना माहीत आहे. सापांचे पूर्वज पाय असलेले सरडेवर्गीय प्राणी होते. अजगराच्या शेपटीच्या बुडाशी आजही दोन नख्या दिसतात, ते मागच्या पायांचे अवशेष आहेत. २०२४ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी कच्छमधल्या पानंध्रो खाणीतल्या ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड सापाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा त्यांचा अंदाज आहे. त्याला त्यांनी ‘वासुकी इंडिकस’ असं नाव दिलं. शिराळ्यातल्या घरात मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला हे सगळं सांगितलं तर तिची पूजा थांबणार नाही, आणि थांबावी असं मलाही वाटत नाही.

आपल्याकडचा खरा प्रश्न वेगळा आहे

मला वाटतं, मराठी माणसाने या वादात माकडावर अडून राहू नये. आपल्याकडे सृष्टीच्या कथेने सगळ्यात जास्त काय केलं असेल तर माणसांची उतरंड लावली. पुरुषसूक्तात मुखातून ब्राह्मण, बाहूंतून राजन्य, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र असं येतं. कुणी ते रूपक मानतं. पण शतकानुशतकं ते जन्माचा दाखला म्हणून वापरलं गेलं, आणि त्या दाखल्यावर पाणवठे, शाळा आणि देवळं बंद झाली.

त्यावर घाव घातला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचं घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, सावित्रीबाई खंडाळ्याजवळच्या नायगावच्या. डार्विनने माणसाच्या वंशाबद्दलचा ग्रंथ १८७१ मध्ये लिहिला, फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली १८७३ मध्ये. फुल्यांनी विचारलं ते साध्या, शारीरिक भाषेत. मुखातून मूल जन्मलं म्हणता, तर मग ब्रह्मदेवाच्या मुखात गर्भाशय होतं का? आई जशी मूल वाढवते तसं त्याने ते वाढवलं का? जगात सगळीकडे माणूस एकाच रीतीने जन्मतो, मग इथेच चार वाटा कशा? या प्रश्नांत शरीराचं सत्य शरीराकडेच विचारण्याचा आग्रह आहे. उत्क्रांतीचं सगळं शास्त्र त्याच आग्रहावर उभं आहे.

आणि हेच फुले देव सोडत नाहीत. ते त्याला ‘निर्मिक’ म्हणतात. निर्मिकाने सगळ्या स्त्री-पुरुषांना सारखंच निर्माण केलं, ही त्यांची श्रद्धा त्यांच्या शेवटच्या ग्रंथापर्यंत कायम आहे. ‘गुलामगिरी’ आली त्याच वर्षी, १८७३ च्या २४ सप्टेंबरला, त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे तो सातारा जिल्ह्यात खेड्यापाड्यांत रुजला. तेव्हा श्रद्धा आणि तपासणी एका माणसात नांदू शकतात का, याचं उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही.

आजचं जनुकशास्त्र सांगतं की आपण सगळे आफ्रिकेतल्या माणसांचे वंशज आहोत आणि कुठल्याही दोन माणसांच्या जनुकीय मजकुरात सुमारे ०.१ टक्का फरक असतो. वेगळ्या अवयवातून आलेला कुणी नाही. कुणाची श्रद्धा जन्माच्या उच्चनीचतेवर टेकली असेल, तर हो, उत्क्रांती तिच्या आड येते. आणि मी म्हणते, यावं.

श्रद्धाळू माणसाला अडणारा खरा प्रश्न

तो आहे दुःखाचा. डार्विनची लाडकी मुलगी अ‍ॅनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना गेली. १८६० मध्ये त्याने एसा ग्रेंना लिहिलं की जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालणारी आणि जिची पिल्लं त्या अळीला आतून खातात अशी माशी दयाळू ईश्वराने मुद्दाम घडवली असेल, हे त्याला पटत नाही. आपल्याकडे उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीला मारणारी माशी ज्यातून बाहेर पडते असं कार्ड, लावतात. त्यातली सूक्ष्म माशीही अशीच, फक्त ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते आणि पिल्लू ते आतून संपवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती मित्रकीड. त्या किडीच्या दृष्टीने?

नैसर्गिक निवड चालते ती मोठ्या प्रमाणावर मरणातून. हे माहीत असूनही देवाला दयाळू म्हणायचं तर विचार करावा लागतो. कुणी प्रारब्ध म्हणतं, कुणी लीला, कुणी म्हणतं की देवाने नियम घालून दिले आणि सृष्टीला मोकळं सोडलं. ग्रे श्रद्धेवर राहिले, डार्विनची श्रद्धा ओसरत गेली, आणि दोघांची मैत्री टिकली. हा प्रश्न मात्र डार्विनने जन्माला घातलेला नाही. पोटचं पोर गेलेल्या आई-बापांना तो नेहमीच पडत आलाय.

“शिकवलं आणि मुलाची श्रद्धा उडाली तर?”

ही काळजी खरी आहे, म्हणून तिला खरं उत्तर द्यायला हवं. उडूही शकते. काहींची उडते, काहींची बदलते, पुष्कळांची होती तशीच राहते. पण न शिकवल्याने ती टिकेल, या भरवशावर मी राहणार नाही. मुलाच्या हातात मोबाइल आहे. जे शाळेने आणि घराने टाळलं ते त्याला तिथे मिळणार, आणि बहुतेक वेळा देवाची टवाळी करणाऱ्याकडून किंवा विज्ञानाची टवाळी करणाऱ्याकडून मिळणार.

शिवाय नुकसान फक्त विचारांचं नाही. फवारणी का बदलायची, टीबीच्या गोळ्या का पुऱ्या करायच्या, तापाला उगाच अँटिबायोटिक का घेऊ नये, हे ज्याला नुसतं पाठ आहे तो अडचणीत ते विसरतो. ज्याला कारण कळलंय तो विसरत नाही.

“देवानं माणूस केला नाही का?” असं विचारणाऱ्या मुलाला मी सांगते की कसा झाला ते आपण इथे शिकतोय, कुणी केला आणि कशासाठी ते विज्ञानाच्या पेपरात येत नाही. ते आजीला विचार, कीर्तनात ऐक, पुढे मोठा झालास की स्वतः वाच. दोन्हीकडचं ऐकून काही जुळत नाही असं वाटलं तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि मधल्या सुट्टीत ये. येणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांच्याशी बोलताना मी कुणालाही अजून देव सोड किंवा डार्विन सोड असं सांगितलेलं नाही, आणि विचारलेला प्रश्न खोडूनही टाकायला लावलेला नाही.